एका कानाची तक्रार

हॉलंडमधल्या लायडन शहरात एडुआर्ड सांडिफोर्ट या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७७७ साली एका शवविच्छेदनाची हकीकत नोंदवली. श्रवणाच्या मज्जातंतूला एक लहान, कठीण गाठ चिकटलेली होती आणि त्या बाजूने माणूस बहिरा होता. चार्ल्स बेल या ब्रिटिश वैद्याने १८३० च्या सुमारास आणि झाँ क्रुव्हेलिये याने त्याच काळात पॅरिसमध्ये अशाच रुग्णांची वर्णने लिहिली. दोघांच्या लेखनात जिवंतपणीची लक्षणे तपशिलाने येतात, पण त्यांचा अर्थ लागतो तो मृत्यूनंतर कवटी उघडल्यावर. वैद्यकाला हा आजार सुमारे शंभर वर्षे असा उलट दिशेने माहीत होता. आधी गाठ दिसे, मग तिच्या मालकाने काय काय सोसले असेल याचा मागोवा घेतला जाई. या गाठीच्या निदानाचा पुढचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. क्ष-किरण आले, सीटी आले, एमआरआय आले आणि वैद्याच्या अंदाजाची जागा चित्राने घेतली, अशी ती सरळ रेघ असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. माझ्या मते हा इतिहास मुळात क्रमाचा आहे. या रोगात कोणते लक्षण आधी येते आणि कोणते नंतर, हे एका माणसाने बारकाईने मांडले. त्यानंतरच्या प्रत्येक यंत्राने त्याच क्रमाच्या शिडीवर निदानाला एकेक पायरी मागे नेले. शेवटी चित्र पहिल्या लक्षणाच्याही आधी पोहोचले, तेव्हा क्रमाचा तोच जुना प्रश्न पुन्हा वैद्यांपुढे उभा राहिला.

ही गाठ नेमकी कुठे असते ते आधी पाहू. कानामागे, कवटीच्या तळाशी दगडासारखे कठीण हाड आहे. त्यात जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, चार-पाच मिलिमीटर रुंदीचा एक बोगदा आहे. त्यातून श्रवणाचा एक, तोल सांभाळणारे दोन आणि चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणारा एक, असे चार मज्जातंतू दाटीवाटीने जातात. प्रत्येक तंतूभोवती श्वान पेशींचे आवरण असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या ओळखल्या जातात. या आवरणाच्या पेशी वाढू लागल्या की गाठ होते. तिला दीर्घकाळ ‘अकूस्टिक न्यूरोमा’ म्हणत आले. नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे, कारण गाठ बहुधा श्रवणाच्या नव्हे तर तोलाच्या तंतूवर होते आणि ती तंतूची नसून आवरणाची असते. म्हणून आजचे नाव ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’. तरीही जुने नाव टिकले, कारण रुग्णाला पहिला त्रास होतो तो ऐकण्याचा. गाठ इतकी संथ वाढते की एका बाजूचा तोल कमी होत असताना दुसरी बाजू, डोळे आणि लहान मेंदू तो सांभाळून घेतात, माणसाला कळतही नाही. गेलेले ऐकणे असे कुणी भरून काढत नाही. गाठ कर्करोगाची नाही, अंगभर पसरत नाही. पण बोगद्यातून बाहेर पडली की तिच्यासमोर मेंदूचा देठ असतो. श्वास आणि गिळणे तिथून चालते, आणि त्या अरुंद जागेत सरकायला वाव नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यवैद्यांनी या गाठीला हात घातला. १८९४ साली लंडनमध्ये चार्ल्स बॅलन्स यांनी अशी एक गाठ काढली. गाठ आणि मेंदूचा देठ यांच्या मध्ये बोट घालून ती सोडवावी लागली. रुग्ण असलेली स्त्री वाचली, पण चेहऱ्याची एक बाजू आणि एक डोळा गमावून. ती गाठ मज्जातंतूच्या आवरणाची होती की मेंदूच्या आवरणाची, याबद्दल आजही शंका घेतली जाते. पुढच्याच वर्षी एडिंबरोत टॉमस अ‍ॅनन्डेल यांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. लक्षणांवरून जागा आधी ओळखून मग कवटी उघडण्याचे ते मोठे उदाहरण. पण अशी यशे अपवादाची होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या शस्त्रक्रियेत शंभरातले सत्तर-ऐंशी रुग्ण दगावत. कारण केवळ शल्यवैद्याच्या हातात नव्हते. रुग्ण टेबलावर येई तोवर गाठ अंड्याएवढी झालेली असे, डोक्यातला दाब वाढून दृष्टी गेलेली असे, घास गिळणे कठीण झालेले असे. निदान झाले म्हणजे त्या काळी एवढाच अर्थ होता, की उशीर झाला हे आता नक्की झाले.

इथे हार्वी कुशिंग यांचे १९१७ सालचे पुस्तक येते. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात काम करणाऱ्या या शल्यवैद्याने सुमारे तीस रुग्णांच्या आधारे श्रवणतंतूच्या गाठींवर एक ग्रंथच लिहिला. त्याचे मोल शस्त्रक्रियेच्या वर्णनात आहे तेवढेच, किंबहुना अधिक, लक्षणांच्या वेळापत्रकात आहे. आधी कानाचा त्रास: एका बाजूचे ऐकणे कमी होणे, कानात आवाज, तोलाची गडबड. मग कपाळापासून मानेपर्यंत जाणारी डोकेदुखी. मग लहान मेंदूमुळे चालण्यातला डळमळीतपणा. मग शेजारच्या मज्जातंतूंची चिन्हे, म्हणजे चेहऱ्याचा बधिरपणा वगैरे. मग दाब वाढून डोळ्यांच्या मागची सूज आणि आंधळेपण. शेवटी बोलणे आणि गिळणे बिघडते, श्वास अडखळतो. ही सहा पावले सुटी सुटी अनेकांना माहीत होती. त्यांचा क्रम हाच निदानाचा गाभा आहे, ही कुशिंग यांची दृष्टी. डोकेदुखी आणि अंधत्व घेऊन आलेल्या माणसाला डोक्यात कुठेही गाठ असू शकते. पण ‘या सगळ्याच्या आधी कोणता कान गेला?’ असे विचारले आणि त्याला आठवले, की तीन-चार वर्षांपूर्वीच एका कानाने ऐकू येईनासे झाले होते, तर गाठीचा पत्ता सापडला. आतले जवळजवळ काहीच दिसत नव्हते त्या काळात रुग्णाची आठवण क्रमाने लावणे हाच सर्वांत सूक्ष्म तपास होता. मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे योगदान वाटते ते हे, की त्याने बहिरेपणाला मेंदूच्या रोगाच्या इतिहासात पहिल्या पानावर नेऊन बसवले.

आता चित्रांकडे वळू. विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ साली, अ‍ॅनन्डेल यांच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी. पण क्ष-किरणांना हाड दिसते, मऊ गाठ दिसत नाही. स्वीडनचे फोल्के हेन्शेन यांनी १९१२ मध्ये यातून वाट काढली. गाठ दिसत नसेल तर तिने केलेले नुकसान दिसेल, असे त्यांनी दाखवून दिले. गाठीने आतून दाबून तो हाडातला बोगदा रुंद केलेला असतो. दोन्ही बाजूंची तुलना केली की एक तोंड मोठे दिसते. मग हे हाड नीट दिसावे म्हणून डोके कोणत्या कोनात ठेवायचे याचा शोध सुरू झाला. हेन्ड्रिक स्टेन्व्हर्स यांचा कोन १९१७ सालचा, एडवर्ड टाउन यांचा १९२६ चा. टाउन यांचे नाव आजही क्ष-किरण विभागात रोज घेतले जाते. त्यांचा तो निबंध श्रवणतंतूच्या गाठीने हाड झिजण्याविषयीच होता. दोन बाजूंच्या रुंदीतला दोन मिलिमीटरचा फरक पुढे संशयाची रेषा मानला गेला. पण एवढा सूक्ष्म फरक शोधण्यासाठी खास कोनातून चित्र काढायचे, तर कुणाचे? डोके दुखणाऱ्या प्रत्येकाचे कुणी काढत नव्हते. एका कानाने बहिरा झालेल्याचे काढत. क्ष-किरण यंत्राचा रोख कुशिंग यांच्या पहिल्या पायरीकडे वळलेला होता.

यावर पहिला आक्षेप खुद्द कुशिंग यांच्या प्रतिस्पर्ध्याकडून येतो, आणि तो वजनदार आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांतले पाणी काढून तिथे हवा भरली आणि क्ष-किरणांवर त्या पोकळ्यांचा आकार पाहिला. गाठीने पोकळी दाबली असेल किंवा बाजूला ढकलली असेल, तर ते डोळ्यांना दिसे. कुशिंग यांना ही पद्धत धोक्याची वाटे आणि लक्षणांवर भरवसा ठेवणाऱ्याला ती फारशी गरजेची नाही असे त्यांचे मत होते. शस्त्रक्रियेबाबतही दोघांचे पटले नाही. कुशिंग गाठ आतून पोखरून तिचे कवच मागे ठेवत, त्यामुळे मृत्यू खूप कमी झाले, पण उरलेली गाठ पुन्हा वाढे. डँडी यांनी ती संपूर्ण काढण्याचा आग्रह १९२२ मध्ये जाहीरपणे मांडला आणि दोघांत कायमची कटुता आली. शस्त्रक्रियेच्या वादात काळाने डँडी यांच्या बाजूने कौल दिला. डोक्याच्या आतले चित्र हवेच, हाही त्यांचा आग्रह योग्य ठरला. तरीही या विशिष्ट गाठीपुरते पाहिले तर हवेचे चित्र कुशिंग यांच्या शिडीवर फार वर चढलेल्या रुग्णालाच उपयोगी होते. पोकळी ढळायला गाठ मोठीच लागते. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी सुरू केलेल्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणाचेही तेच. वाहिनी सरकली हे दिसायला गाठीने तिला सरकवलेले असावे लागे. वाहिनी जागच्या जागी दिसली म्हणून गाठ नाही, असे म्हणता येत नव्हते. बोगद्यातली वाटाण्याएवढी गाठ या दोन्ही पद्धतींतून निसटत होती.

लहान गाठीकडे जाण्याची वाट मेंदूतज्ज्ञांनी नव्हे, कानाच्या डॉक्टरांनी काढली. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड-गरम पाणी घालून डोळ्यांची हालचाल पाहण्याची चाचणी रूढ केली होती. ज्या बाजूचा तोलाचा तंतू निकामी, त्या बाजूचा प्रतिसाद मंद. रुग्णाला जे नुकसान स्वतःला जाणवत नाही, ते पेलाभर पाण्याने उघडे पडे. १९५० च्या आसपास श्रवणमापन सूक्ष्म झाले. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, सतत वाजणारा सूर काही सेकंदांत विरून जातो, या खुणा कानाच्या आतल्या आजाराकडे नव्हे तर तंतूकडे बोट दाखवतात, हे कळले. फोन नेहमीच्या कानाला लावला की बोलणे समजत नाही म्हणून दुसऱ्या कानाला लावणारा माणूस हे या आजाराचे ठरीव चित्र झाले. पण लवकर निदान करून करायचे काय? शस्त्रक्रिया इतकी धोक्याची, की गाठ जिवावर उठेपर्यंत थांबणे शहाणपणाचे मानले जाई. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये कानाचे शल्यवैद्य विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, कानाच्याच हाडातून वाट काढून गाठीपर्यंत जाण्याची पद्धत बसवली. विल्यम हिट्सेलबर्गर हे मेंदूचे शल्यवैद्य त्यांच्या जोडीला होते. आता लहान गाठ शोधण्याला अर्थ आला आणि शोधाला वेग चढला. हाडाचे थराथराने चित्र घेणारी यंत्रे वापरली गेली. पाठीच्या कण्यातून पँटोपेक नावाचे क्ष-किरणांना दिसणारे तेल मिलिलिटरभर सोडून, रुग्णाला डोके खाली करून कलते ठेवत ते तेल बोगद्यापर्यंत घरंगळू द्यायचे. ते आत शिरले तर बोगदा मोकळा. दाराशी अडले तर आत काहीतरी आहे. रुग्णाला हा तपास त्रासाचा होता आणि तेल मागे राहिले तर मेंदूच्या आवरणांना सूज येण्याची भीती असे. म्हणूनच तो सरसकट करता येत नव्हता. कानाच्या चाचण्यांच्या गाळणीतून उरलेल्यांनाच तेलाच्या टेबलावर नेले जाई.

इथे दुसरा आक्षेप घेतला जाईल. मृत्यू कमी झाले ते सूक्ष्मदर्शकामुळे, भूलशास्त्रामुळे, प्रतिजैविकांमुळे. निदानाला श्रेय कशाला? आक्षेप बराचसा खरा आहे. पण या शस्त्रक्रियेचा एक हिशेब सूक्ष्मदर्शकाने एकट्याने सुटत नाही. चेहऱ्याचा तंतू वाचवणे गाठीच्या आकारावर अवलंबून असते. मोठी गाठ त्याला ताणून कागदासारखा पातळ करते आणि अशा तंतूला गाठीपासून वेगळे करणे कोणत्याही भिंगाखाली कठीण आहे. लहान गाठीत तो अजून गोल दोरीसारखा असतो. चेहरा सरळ राहणार की वाकडा, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी जेवढे ठरते तेवढेच निदानाच्या दिवशीही ठरते.

१९७० नंतरचा काळ वेगवान आहे. १९७७ मध्ये सेल्टर्स आणि ब्रॅकमन या संशोधकांनी कानात टिचकीसारखे आवाज देऊन मेंदूच्या देठापर्यंत जाणाऱ्या विद्युत लहरी मोजल्या. दोन कानांतल्या लहरींच्या वेळेत ०.२ मिलिसेकंदाचाही फरक पडला तर संशय घ्यावा, असे त्यांनी सुचवले. सेंटिमीटरहून लहान गाठी मात्र त्यातून बऱ्याच सुटत. तिकडे १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात पहिला रुग्ण ठेवला गेला. पहिल्या चित्रांत ८० गुणिले ८० एवढेच चौकोन होते. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर मोठी गाठ स्वतःच चमकून दिसू लागली, हा केवढा बदल होता! तोवर जे जे दिसले ते गाठीचे नव्हते. रुंदावलेले हाड, सरकलेली हवा, वळलेली वाहिनी, अडलेले तेल, सगळ्या तिने मागे सोडलेल्या पाऊलखुणा. मात्र दोन्ही बाजूंच्या दगडी हाडांमधल्या पट्ट्यात सीटीचे चित्र धूसर होई आणि बोगद्यातली गाठ तिथेच असते. त्यासाठी पुन्हा कण्यातून काही मिलिलिटर हवा सोडून, रुग्णाला संशयित कान वर करून कुशीवर झोपवून सीटी काढत. म्हणजे १९८० च्या उंबरठ्यावरही लहान गाठ दिसायची ती हवेच्या अनुपस्थितीतून, डँडी यांच्या जुन्या युक्तीच्या नव्या रूपात.

एमआरआयने आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात रुग्णांना दिल्या जाऊ लागलेल्या गॅडोलिनियम या रंगद्रव्याने हे सारे मागे टाकले. रक्तातले पदार्थ बाहेर झिरपू न देणारा, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना असतो तसा पहारा या गाठीच्या रक्तवाहिन्यांना नसतो, त्यामुळे गॅडोलिनियम गाठीत झिरपते आणि ती काळ्या हाडात शुभ्र उठून दिसते. एमआरआयला हाडाचा अडसर नाही. दोन-तीन मिलिमीटरची गाठही आता नजरेतून सुटत नाही. बोगद्याच्या बाहेर डोके काढलेल्या गाठीला जगभरचे डॉक्टर कोनावर ठेवलेल्या आइस्क्रीमची उपमा देतात. १९९० च्या दशकात रंगद्रव्याशिवायची सूक्ष्म चित्रे आली. त्यांत मेंदूभोवतीचे पाणी पांढरे आणि चारही तंतू काळ्या धाग्यांसारखे वेगवेगळे मोजता येतात. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने गॅडोलिनियमसह एमआरआय हीच या निदानाची कसोटी ठरवली.

मग कुशिंग यांचा क्रम आता अडगळीत टाकायचा का? लहान गाठ हाताने, डोळ्याने, प्रश्नाने ओळखता येत नाही, तर चित्रच काढा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर देताना मला दोन गोष्टी समोर ठेवाव्या वाटतात. एका कानाचे ऐकणे कमी झालेल्या शंभर जणांचे एमआरआय काढले तर गाठ निघते ती मोजक्याच जणांत. म्हणजे कुणाचे चित्र काढायचे हे ठरवणारी पहिली पायरी अजूनही साधे श्रवणमापन आणि नीट विचारलेला प्रश्न हीच आहे. जिथे एमआरआय तासन्‌तास दूर आणि महाग आहे अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी तर तीच पायरी सर्वांत मौल्यवान आहे. दुसरी गोष्ट चित्र वाचण्याची. बोगद्यातली शुभ्र गाठ तोलाच्या तंतूची की चेहऱ्याच्या तंतूची, हे चित्रावरून पुष्कळदा सांगता येत नाही. पण श्वानोमाच्या दबावाखाली चेहऱ्याचा तंतू आश्चर्यकारक चिवट असतो, मोठ्या गाठीतही चेहरा शाबूत राहतो. तेव्हा लहान गाठ आणि चेहरा आधीच ढिला, असे असेल तर वैद्य दुसरा विचार करतो. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल तंतूवरच्या गाठीत चेहऱ्याचा बधिरपणा आधी येतो, कवटीच्या तळाच्या ज्युग्युलर छिद्रातल्या गाठीत आवाज घोगरा होणे किंवा गिळताना ठसका लागणे आधी येते. चित्राने जागा दाखवली तरी कोणता तंतू, हा प्रश्न सोडवायला क्रमच लागतो.

मोठी कसोटी मात्र वेगळीच आहे, आणि ती चित्राच्या यशातूनच उभी राहिली. जॉन्स हॉपकिन्समध्ये १९३६ साली हार्डी आणि क्रो यांनी शवविच्छेदनात २५० जणांची कानाची हाडे तपासली, तेव्हा सहांत अशा गाठी सापडल्या, ज्यांची जिवंतपणी कुणाला खबरही नव्हती. त्या काळी ती एक कुतूहलाची नोंद होती. एमआरआय सर्रास झाल्यावर तीच नोंद रोजच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन बसली. डोकेदुखीसाठी काढलेल्या चित्रात एका कानाच्या बोगद्यात तीन मिलिमीटरचा पांढरा ठिपका. डेन्मार्कमध्ये १९७६ पासून या गाठींची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिथे सत्तरच्या दशकात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला दहाहून कमी गाठी सापडत, २००४ च्या सुमारास वीसहून अधिक. सापडताना गाठीचा आकार सत्तरच्या दशकाअखेर सुमारे तीन सेंटिमीटर होता, तो २००८ पर्यंत एका सेंटिमीटरवर आला. रोग वाढला नव्हता, आपण शिडीवर खाली उतरून पहिल्या पायरीच्याही आधी पोहोचलो होतो. या गाठींचे काय होते, हे पाहायला डॅनिश डॉक्टरांनी ५५२ रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. बोगद्यात असलेल्या गाठींपैकी सुमारे १७ टक्केच बाहेर वाढल्या, बाहेर आलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के वाढल्या आणि जी वाढ झाली ती पहिल्या पाच वर्षांत. बाकीच्या तशाच राहिल्या.

म्हणून आज एखाद्याच्या कानात लहान गाठ सापडली की शस्त्रक्रिया किंवा १९६९ साली स्टॉकहोममध्ये या गाठीसाठी सुरू झालेली गॅमा किरणांची चिकित्सा यांच्या बरोबरीने तिसरा पर्याय मांडला जातो: थांबून पाहण्याचा. नॉर्वेत शंभर रुग्णांत लगेच किरणे देणे आणि थांबून पाहणे यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही मोजायचे होते ते गाठीचा आकार कसा बदलतो हेच. एका चित्राला हे सांगता येत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा चित्र काढावे लागते आणि दोन चित्रे शेजारी ठेवून, तोच थर, तोच कोन, मिलिमीटरने मिलिमीटर मोजावे लागते. त्यासोबत श्रवणमापनाचा नवा आलेख असतो आणि रुग्णाला विचारलेला प्रश्न असतो, की मागच्या वेळेपासून काय बदलले, आणि आधी काय बदलले.